मैत्रिणीनं शपथ घातलीय, मी सांगू की नको?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी २० वर्षांची, सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विश्रामबागेत एका घरात वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहते, खाली घरमालकीण काकू. तिची रूममेट जत तालुक्यातल्या एका गावची, दोघी पहिल्या वर्षापासून एकत्र. रूममेटनं दोनदा मेडिकलची 'नीट' परीक्षा दिली, नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी.ला आली, आणि घरी अजूनही क्लासच्या फीचा विषय निघतो. गेल्या दीडेक महिन्यापासून ती लेक्चरला जात नाही, मेसचा डबा तसाच परत जातो, रात्रभर जागी असते, केस विंचरायचापण तिला कंटाळा येतो. मागच्या आठवड्यात एका रात्री ती म्हणाली, "मी नसले तर सगळ्यांचंच बरं होईल." हिनं घाबरून विचारलं तर तिनं स्वतःच्या आईची शपथ घातली, हे कुणाला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती रील बघून हसत होती. आपला एक चांगला ड्रेस आणि कॅल्क्युलेटर तिनं ज्युनिअर मुलीला देऊन टाकला. तेव्हापासून आपली वाचक रात्री झोपत नाही, तिच्याकडं लक्ष ठेवत पडून राहते, परीक्षा तोंडावर आलीय आणि अभ्यास शून्य. ती विचारते, "सांगितलं तर शपथ मोडली, मैत्री गेली, वर तिच्या घरचे कॉलेज बंद करून लग्न लावून देतील. नाही सांगितलं आणि काही झालं तर? ताई, मी तिला एकटीनं यातनं बाहेर काढू शकते का? की मीच उगाच बाऊ करतेय?"

(ओळख पटू नये म्हणून गावं आणि काही तपशील बदललेत.)

अगं, तू बाऊ करत नाहीयेस. हे सगळ्यात आधी सांगते कारण तुझ्या पत्रात हा प्रश्न शेवटी आलाय, पण मला वाटतं तोच तुला रोज अडवतोय. रात्री भीती वाटते, सकाळी ती हसताना दिसते, मग तुला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, आणि अजून एक दिवस जातो.

ड्रेस आणि कॅल्क्युलेटरचं तू एका ओळीत लिहून पुढं गेलीस, मी मात्र तिथंच थांबले. शेवटच्या वर्षाला असलेली सायन्सची मुलगी परीक्षेच्या तोंडावर कॅल्क्युलेटर देऊन टाकत नाही गं. आपल्या आवडीच्या, लागणाऱ्या वस्तू अचानक वाटून टाकणं, "मी नसले तर बरं" असं बोलणं, जेवण आणि झोप दोन्ही बिघडणं, अंघोळ, केस यांच्याकडं दुर्लक्ष, ही प्रत्येक गोष्ट सुटी बघितली तर कुणी म्हणेल टेन्शन असेल परीक्षेचं, पण एकाच माणसात एकाच महिन्यात सगळ्या आल्या की ते परीक्षेचं टेन्शन राहत नाही. मन सलग दोन आठवडे उदास असेल, कशात रस वाटत नसेल आणि त्याचा खाण्याझोपण्यावर, कामावर परिणाम होत असेल तर डॉक्टर डिप्रेशनची शक्यता तपासतात. तुझ्या मैत्रिणीला दीड महिना झालाय. डिप्रेशनच आहे असं मी इथं बसून सांगणार नाही, ते डॉक्टर ठरवतील, पण डॉक्टरकडं जायची वेळ झालीय एवढं नक्की.

आणि ते रील बघून हसणं. डिप्रेशनमधला माणूस चोवीस तास रडत नाही. तो हसतो, चहाला येतो, ग्रुपवर मेसेज टाकतो, बऱ्याचदा समोरच्याला कळू नये म्हणूनच करतो. उलट खूप दिवस बेचैन असलेला माणूस काहीही कारण नसताना एकदम शांत, हलका वाटायला लागला तर जास्त लक्ष द्यायचं असतं. "जे बोलून दाखवतात ते करत नाहीत" हे आपल्याकडं मोठी माणसंसुद्धा छातीठोकपणे सांगतात आणि ते साफ चुकीचं आहे. ज्यांनी जीव दिला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आधी कुणाला ना कुणाला काहीतरी बोलून दाखवलेलं असतं.

आता शपथेचं. तू ही शपथ हलक्यात घेतली नाहीस, याबद्दल मला तुझा आदरच वाटतो, कारण आपल्याकडं आईची शपथ म्हणजे खरंच जड असते. पण मला सांग, त्या रात्री ती तुला हे बोललीच का? तिला खरंच कुणालाच कळू द्यायचं नसतं तर ती गप्प बसली असती. एका बाजूनं ती बोलून गेली, दुसऱ्या बाजूनं घाबरली की आता हे घरी जाईल, सगळीकडं होईल, लोक वेडी म्हणतील, म्हणून शपथ घातली. म्हणजे तिच्या मनात दोन्ही आहे, कुणीतरी आपल्याला धरावं हेही आणि कुणाला कळू नये हेही. तू आत्तापर्यंत फक्त दुसरं ऐकत आलीयस. आणि ज्या आईची शपथ घातलीय ती बाई आत्ता तुझ्या खोलीत असती आणि तिला हे सगळं माहीत असतं, तर तिनं तुला काय करायला सांगितलं असतं? गप्प बस म्हणाली असती का?

मैत्री जाईल ही तुझी भीती खोटी नाही. ती चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही, "तुझ्यावर विश्वास ठेवला हीच चूक" असंही म्हणेल, आणि ते ऐकताना तुला फार लागेल. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पण चिडलेल्या मैत्रिणीशी पुढं कधीतरी बोलता येतं. एखाद्याच्या जिवाची गोष्ट असते तेव्हा गुपित ठेवायचं वचन पाळायचं नसतं, आणि हा नियम माझा एकटीचा नाही, काउन्सेलर आणि डॉक्टरसुद्धा तोच पाळतात. एरवी पेशंटचं काहीही बाहेर सांगत नाहीत, जिवाला धोका असेल तेव्हाच जेवढ्यास तेवढं सांगतात.

मग करायचं काय. हे पत्र वाचशील त्याच दिवशी, उद्यावर न टाकता, तिच्याशी बोल. खोलीत दुसरं कुणी नसताना, फोन बाजूला ठेवून. आणि सरळ विचार. "तू परवा जे बोललीस ते माझ्या डोक्यातनं जात नाही. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का गं?" हेच शब्द. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो असं खूप जणांना वाटतं आणि म्हणून आपण आडून आडून विचारतो, "काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?", ज्याचं उत्तर "नाही गं" शिवाय दुसरं देताच येत नाही. सरळ विचारल्यानं कुणी त्या वाटेला लागत नाही, हे अभ्यासातनं पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट इतके दिवस एकटीनं वागवलेली गोष्ट कुणीतरी नाव घेऊन विचारली, आणि विचारणारीनं तोंड फिरवलं नाही, यानंच माणूस थोडा मोकळा होतो.

ती "हो" म्हणाली तर तुझ्या पोटात गोळा येईल, येऊ दे, पण लगेच भाषण सुरू करू नको. ऐक. मग पुढचा प्रश्न, "काही ठरवलंयस का? कसं, कधी?" हा प्रश्न विचारणं अवघड आहे, पण यावरच पुढचं ठरतं. तिनं काही ठरवलं असेल, किंवा ती उत्तर द्यायचं टाळत असेल आणि तुला आतनं भीती वाटत असेल, तर तिला एक मिनिटही एकटी सोडू नको, खालनं काकूंना हाक मार, खोलीत जे काही धोक्याचं वाटेल ते तिच्या हाताला लागणार नाही असं बाहेर ने, आणि १०८ ला फोन करून अॅम्ब्युलन्स बोलाव किंवा सरळ रिक्षा करून सांगलीच्या सिव्हिलला कॅज्युअल्टीत घेऊन जा. तिथं "बरं वाटत नाही" असं मोघम नको, "हिच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत" असं सांगायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी. काकूंची झोपमोड होईल, त्या काय म्हणतील, खोली सोडायला सांगतील का, हे सगळं नंतर.

इथं एक भीती पालकांनासुद्धा असते ती पोलीस केसची. आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा, असं आपल्या डोक्यात बसलंय आणि म्हणून लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम. आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. प्रयत्न झाला असेल तर पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात, पण ती आरोपी नसते. आणि नुसते विचार येतात म्हणून दवाखान्यात गेलेल्या मुलीचा तर पोलिसांशी काही संबंधच येत नाही.

बोलताना काय बोलू नये तेही सांगते कारण चांगल्या मनानं आपण नेमकं तेच बोलतो. "आईबापाचा तरी विचार कर" हे नको. ती दुसऱ्या कशाचा विचार करतेय असं वाटतं तुला? क्लासची फी, बापानं ती कशी भरली, भाऊ काय बोलला, हेच तिच्या डोक्यात रात्रभर फिरतंय आणि त्यातनंच ती "मी नसले तर बरं" इथपर्यंत आलीय. तिला आपण ओझं झालोय असं वाटतंय, त्यावर आईबापाची आठवण करून दिली की ते ओझं अजून वाढतं. "नीट नाही झाली म्हणून काय झालं, किती जणांची होत नाही" हेही नको, खरं असलं तरी नको. "पॉझिटिव्ह विचार कर", "गणपतीला जाऊन ये, बरं वाटेल", नको. "मला कळत नाही तुला नक्की काय होतंय, पण मी इथंच आहे, आणि आपण दोघी मिळून कुणालातरी दाखवू" एवढं पुरे आहे.

आणि तिला आधीच सांग की तू हे सांगणार आहेस. पाठीमागनं नको. "मी शपथ पाळू शकत नाही. मी तुझ्या ताईला सांगणारच आहे, तुझ्यासमोर फोन लावते. तू बोलतेस की मी बोलू?" इथं तिला निवडायला काहीतरी ठेव, कुणाला सांगायचं, कधी, आज दुपारी की रात्री. सांगायचंच नाही, हा पर्याय मात्र नाही. (आणि जीव धोक्यात आहे असं वाटलं तर तिची परवानगी मागत बसू नको, आधी सांग.)

आता तिच्या घरचा प्रश्न, जो मला तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न वाटतो. शहरात बसून "घरच्यांशी मोकळेपणानं बोला" असा सल्ला देणं सोपं आहे. जतच्या गावातल्या मुलीला माहीत असतं की घरी "मला बरं वाटत नाही, मनाचं काहीतरी आहे" म्हटलं तर दोन गोष्टी होऊ शकतात, एक तर "शिकून डोक्यावर परिणाम झाला, आता बास" म्हणून स्थळ बघायला सुरुवात, नाहीतर "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणून कुणाकडंतरी बघायला नेणं. मी हे नाकारत नाही, होतं असं. पण तू एक गोष्ट धरून चाललीयस की घर म्हणजे एकच माणूस आणि त्याचं एकच उत्तर. घरात चारपाच माणसं असतात. तू पत्रात शेवटी लिहिलंयस की तिची थोरली बहीण कवठेमहांकाळला दिलीय आणि दोघींचं रोज फोनवर बोलणं असतं. मग पहिला फोन तिला. वडिलांना नको, भावाला तर नकोच. बहीण नसेल तर मामा, मावशी, आत्या, घरात असं एक माणूस बहुतेक असतंच ज्याच्याकडं मुली रडतात. बहिणीला आधी सासरी काय सांगायचं याचीच काळजी लागेल, तर त्याला "तिला बरं नाही, अशक्तपणा आलाय, दवाखान्यात न्यायचंय" एवढं पुरे, ते खोटंही नाही.

आईवडिलांना मात्र शक्यतो डॉक्टरांकडनंच समजू दे. बहिणीनं त्यांना बोलवून घ्यावं आणि डॉक्टरांसमोर बसवावं, कारण तेच वाक्य मुलीच्या तोंडून आलं तर "नाटकं" वाटतं आणि डॉक्टरच्या तोंडून आलं तर आजार वाटतो. डॉक्टरांना आधीच बाजूला घेऊन सांगता येतं की घरचे कॉलेज बंद करायला निघतील, तर शिक्षण चालू ठेवायचं की थोडे दिवस थांबवायचं यावर तुम्हीच बोला. अशा वेळी लग्न हा उपाय नाही, हेही डॉक्टरांनीच सांगितलेलं बरं. आणि कुणी तिला देवाला न्यायचं म्हणालं तर त्यावर भांडत बसू नका, त्यांच्या जिवाला धीर मिळत असेल तर जाऊ देत, फक्त गोळी आणि तारीख चुकवायची नाही आणि तिला मारहाण, उपास, बांधून ठेवणं असलं काही होत असेल तर मात्र अजिबात खपवून घ्यायचं नाही.

समजा एवढं करूनही एक वर्ष गेलं. तिला गावी नेलं, परीक्षा बुडाली. तुला आत्ता ते सगळ्यात वाईट वाटतंय. मला तसं वाटत नाही. राहिलेले पेपर पुढं देता येतात, आणि वर्षानं मागं राहिलेली कितीतरी पोरं पुढं नीट शिकलीत.

गावी नेलंच तर एक गोष्ट बहिणीला नक्की सांग, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक शेतकरी घरालाही सांगते. द्राक्ष, डाळिंब, कुठलीही बाग असेल, फवारणीची औषधं आपल्याकडं पडवीत, कॉटखाली, कुठंही ठेवलेली असतात. घरात कुणाचं मन असं झालेलं असेल तर ती औषधं त्याच दिवशी घरातनं हलवा, कुलूप लावा आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडं ठेवा. घरातल्या बाकीच्या गोळ्यासुद्धा. असा जीव द्यायचा तीव्र विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो, त्या वेळात हाताशी काही नसणं यानं माणसं वाचतात, हे जगभर दिसून आलंय.

डॉक्टर कुठले, तर मिरजेच्या गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. केस पेपर काढायचा आणि ओपीडीत बसायचं, खाजगीइतका खर्च नाही. आणि मिरजेला दवाखान्यात गेलो म्हटलं तर आपल्या भागात कुणी भुवया उंचावत नाही, १८९४ ला वॉनलेस डॉक्टरांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातनंसुद्धा माणसं मिरजेला येतात, तुम्ही पोटासाठी आलात की मनासाठी, रांगेत कुणाला कळत नाही. खाजगी डॉक्टर सांगली-मिरजेत बरेच आहेत, फक्त एवढं बघा की गोळ्या देणारा माणूस एम.डी. किंवा तत्सम पदवीचा मानसोपचारतज्ज्ञ आहे. काउन्सेलर आणि सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, गोळ्या लिहीत नाहीत. तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग त्यांच्या सल्ल्यानं काउन्सेलिंग, असं मी म्हणेन, कारण ती जेवत नाही, झोपत नाही आणि मरणाचं बोललीय.

तिथं काय होतं याची भीती असेल तर, बहुतेक करून विचारपूस होते. झोप, भूक, कधीपासून, घरी आधी कुणाला असं झालं होतं का. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगू शकतात कारण त्यांच्या कमीजास्तीनंही थकवा, उदासी येते. डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि इथंच बरीच माणसं "काही फरक नाही" म्हणून सोडतात. या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही, पण मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, म्हणून त्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच दिवस, आणि मेडिकलमधनं स्वतःहून आणून तर नाहीच. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवायचं असतं, बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. गोळ्यांचं पाकीट या काळात बहिणीकडं असलेलं बरं.

ती १८ च्या वरची आहे, म्हणजे ती स्वतःहून जाऊन दाखवू शकते आणि तिची माहिती गुप्त ठेवणं हे त्याच २०१७ च्या कायद्यानं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. केस पेपर कॉलेजला जात नाही. लग्नाच्या वेळी कुणी काढून बघत नाही.

ती दवाखान्याला तयारच नसेल, किंवा तुलाच आज रात्री काय बोलायचं कळत नसेल, तर १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस म्हणतात त्याला, ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनं सुरू केलेली हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि फोन ज्याला त्रास होतोय त्यानंच करायचा असं नाही, तू मैत्रीण म्हणून करू शकतेस, "माझ्या रूममेटचं असं असं आहे, मी काय करू" म्हणून. मला वाटतं तू तो फोन तिच्याशी बोलायच्या आधीच करावास, एकदा कुणाशीतरी मोठ्यानं बोललीस की तुझा आवाज कापायचा थांबेल.

कॉलेजचं थोडक्यात. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या केसमध्ये देशभरच्या शिक्षणसंस्थांना सूचना दिल्यात, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजे, आणि हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलवर मोठ्या अक्षरात लावायला पाहिजेत. तुमच्या कॉलेजात कुणी आहे का हे विचारायला काहीच हरकत नाही. नसेल तर तुमच्या डिपार्टमेंटच्या एखाद्या मॅडम, ज्या आरडाओरडा करत नाहीत, वर्गासमोर नाव घेत नाहीत अशा, त्यांना जाऊन भेट. हजेरी आणि सबमिशनचं त्या बघू शकतात, डॉक्टरांचं सर्टिफिकेट नंतर देता येतं. ही काळजी तिच्या डोक्यावरनं उतरली तरी निम्मं काम होईल, कारण लेक्चर बुडाली म्हणून जायची लाज वाटते, लाज वाटते म्हणून अजून बुडतात.

आता तुझं. "मी एकटीनं तिला बाहेर काढू शकते का" याला माझं उत्तर नाही असं आहे, आणि यात तुझं काही कमी पडत नाही. तू २० वर्षांची आहेस, तिची मैत्रीण आहेस, डॉक्टर नाहीस, आई नाहीस. तू आठवडाभर जागून राखण करतेयस, आणि झोप नसलेलं माणूस नीट विचार करू शकत नाही, नीट ऐकून घेऊ शकत नाही, एक दिवस वैतागून तूच तिला काहीतरी टाकून बोलशील आणि मग स्वतःला खात बसशील. बहिणीला सांगितल्यावर ती येईपर्यंत अजून एका मैत्रिणीला विश्वासात घे, तिला सगळा तपशील नको, "हिला बरं नाही, रात्री एकटी ठेवायची नाही" एवढं. काकूंनाही तेवढंच. पाळी लावा. बहीण आली की तिच्या हातात दे आणि त्या रात्री तू झोप.

आणि एक अवघड गोष्ट, जी बोलायला नको वाटते पण तुझ्या पत्रातलं "काही झालं तर" हे वाक्य वाचून बोलावीच लागेल. तू सांगितलंस, दवाखान्यापर्यंत नेलंस, तरी पुढं काय होईल हे सगळं तुझ्या हातात नाही. बहुतेक मुली उपचारानं बऱ्या होतात, आणि तीही होईल अशी मला खरंच आशा आहे. पण तिच्या जिवाची हमी तू एकटी देऊ शकत नाहीस आणि ती कुणी तुझ्याकडनं मागूही नये.

हे वाचणाऱ्यांत काही जण तुझ्या मैत्रिणीच्या जागी असतील, हे मला माहितीये. खोलीचं दार लावून पडलेले, घरी फोनवर "हो, जेवले, अभ्यास चालू आहे" सांगणारे. त्यांना एवढंच म्हणते की आज एका माणसाला खरं उत्तर द्या. कोण ते तुम्ही ठरवा. कुणीच सुचत नसेल तर १४४१६. आणि रूममेटनं शपथ मोडली म्हणून कुणाचं तिच्याशी बोलणं बंद असेल तर तिला एवढ्यात माफ करता आलं नाही तरी चालेल, फक्त दवाखान्याची तारीख चुकवू नका.

तुझ्या परीक्षेचं राहिलंच. अभ्यास शून्य आहे म्हणालीस, तर मॅडमना भेटशील तेव्हा तुझंही सांग, फक्त तिचंच नको. जे विषय आधी थोडे झालेत तेवढे धर, बाकीचं बघू. हे सगळं निवळल्यावर तुला रडू येईल, झोप लागणार नाही, तिचा फोन उचलला नाही की छातीत धडधडेल, असं दोन आठवड्यांच्या पुढं चाललं तर तुझ्या नावानंही एक केस पेपर काढायचा, लाजायचं नाही. आणि बहिणीशी बोलणं झालं की मला कळव, रात्री कितीही वाजता लिहिलंस तरी चालेल.